कापलेल्या केळीला पाणी

माझं पहिलं लग्न केळीच्या रोपाशी लागलं. दुसरं, म्हणजे माणसाशी, त्यानंतर थोड्या दिवसांनी. हे मी हल्ली हसत सांगते, आणि माझा नवरा तर माझ्याआधीच सांगून मोकळा होतो. तेव्हा मात्र मी चांगलीच तणतणत होते, कारण ते रोप मीच वाढवलेलं होतं आणि केळीची रोपं वाढवणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

मी जळगावात टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये काम करते. लॅब म्हटलं की लोकांना रक्त-लघवी तपासणीच आठवते, म्हणून जरा सविस्तर सांगते. शेतातली एक निरोगी, भरघोस घड देणारी केळ निवडायची. तिच्या बुंध्याशी जमिनीतून फुटलेलं पिल्लू, म्हणजे पील, काढून त्याच्या कंदातून नखाएवढा कोवळा गाभा कापून घ्यायचा आणि काचेच्या बरणीत, थिजलेल्या पेजेसारख्या दिसणाऱ्या खाद्यावर ठेवायचा. त्याला कोंब फुटले की ते सुटे करून नव्या बरण्यांत ठेवायचे, त्यांना फुटले की पुन्हा नव्या बरण्या. असं करत करत त्या नखाएवढ्या तुकड्यापासून शिवारच्या शिवार उभं राहील इतकी रोपं होतात, आणि गंमत म्हणजे ती सगळी एकच झाड असतात. बी नाही, परागकण नाहीत. तेच ते झाड, हजार ठिकाणी.

माझं काम कोंब सुटे करण्याचं. गाळलेली स्वच्छ हवा सोडणारं एक काचेचं कपाट असतं, त्याला आम्ही लॅमिनार म्हणतो. त्याच्यासमोर टोपी, मास्क, अॅप्रन घालून बसायचं आणि चिमटा-ब्लेडनं नाजूक हातानं कापायचं. आत जायच्या आधी बांगड्या, अंगठी सगळं उतरवायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, वर स्पिरिट चोळायचं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी आई, म्हणजे माय, समजूतदारपणे मान हलवून म्हणाली, "हाई ते सोवळं शे." मी म्हटलं, सोवळंच, फक्त आमचा देव बरणीत बसतो.

मला हे काम मनापासून आवडतं. ट्यूबलाइटच्या उजेडात मांडण्यांवर ओळीनं ठेवलेल्या बरण्या, त्यात बोटभर हिरवी रोपं, बाहेर जळगावचं ऊन रस्ता वितळवत असताना आत त्यांना बारा महिने बेताचा गारवा. एखाद्या बरणीत बुरशीचा कापूस दिसला की ती बाहेर काढावी लागते, आणि इतक्या वर्षांनंतरही ती उचलताना मला वाईट वाटतं. आमच्या मॅडम म्हणतात, तू यांना नावं ठेवायला लागशील एक दिवस. नावं नाही ठेवली, पण गप्पा मारते. मास्कमुळे कोणाला कळत नाही एवढंच.

मायला माझी नोकरी पसंत होती आणि नव्हतीही. पोरगी स्वतःच्या पायावर उभी आहे म्हणून पसंत. नापसंत का, ते मला कधी कळलं नव्हतं. मी कुतूहलानं काही सांगायला लागले, की आज बघ कसले छान कोंब फुटले, तर ती उठून गॅसकडे जायची. माय एका शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवते. कधी पोषण आहारात मुलांना केळी वाटायची असली, तर ती टोपली दुसऱ्या बाईकडे सरकवायची. स्वतः तर केळ खातच नाही. जळगाव जिल्ह्यात राहून, तापीकाठच्या केळीच्या मळ्यात जन्मून केळ खात नाही, म्हणजे लोकांना नवलच. सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळसुद्धा ती माझ्या हातावर ठेवायची. सगळे समजून चालले होते की माझे वडील गेल्यावर तिनं त्यांच्या नावानं केळ सोडलं असावं. मीही तेच समजत होते.

वडील गेले तेव्हा मी बालवाडीत होते. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला. मला त्यांचा चेहराही फोटोतलाच आठवतो, पण त्यानंतर घरात जे बोललं जायचं ते आठवतं. मायच्या पत्रिकेत मंगळ होता. लग्नाच्या वेळी त्याची शांत केली होती म्हणे, पण सासरच्यांचं म्हणणं, ती नीट झाली नसणार. पांढऱ्या पायाची, हे शब्द मी अर्थ कळायच्या आधी शिकले. माय कोणाला उलट बोलली नाही. मला घेऊन जळगावला आली, एक खोली आणि पुढे छोटंसं अंगण असलेलं घर भाड्यानं घेतलं, आणि पत्रिका या विषयावर आमच्यात एकदम शांतता पसरली.

ती शांतता माझ्या लग्नाच्या वेळी मोडली. स्थळ चांगलं होतं. मुलगा साक्रीकडचा, पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करणारा. बघायला आला तेव्हा मी विचारलं, वर चढल्यावर भीती नाही का वाटत? तो म्हणाला, "वर नाही वाटत. खाली उतरल्यावर लोकांच्या घरी चहा-पोहे खायला जायचं म्हटलं की वाटते." मला तिथंच तो आवडला. मायलाही आवडला असावा, कारण तिनं त्याला पोहे दोनदा वाढले. पण तो गेल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "इतला उंच चढस का तो?"

मग पत्रिका निघाल्या. त्याच्या पत्रिकेत मंगळ नव्हता आणि माझ्या पत्रिकेत होता, अगदी मायसारखाच. गुरुजींनी हसून उपाय सांगितला. आधी केळीच्या रोपाशी लग्न लावायचं, त्या रोपात विष्णूचं आवाहन करायचं, मग ते रोप कापून टाकायचं. दोष त्या पहिल्या नवऱ्यावर जातो आणि माणूस सुटतो.

मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई. रोज केळीला जन्म देते, आणि मलाच केळीशी लावून मग तिचा खून करायचा? मी बरंच काही बोलले. मंगळ ग्रह आहे, तिथं गाड्या पाठवल्यात लोकांनी, वगैरे. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझ्यापुढे हात जोडले. आईनं आपल्यापुढे हात जोडणं फार वाईट असतं. मी तिचे हात धरून खाली केले आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

मला वळवलं ते होणाऱ्या नवऱ्यानं. फोनवर सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "एका सकाळचा प्रश्न आहे. मी दोन नंबरवर थांबतो. घाई काय आहे?" मी म्हटलं, तुझी काहीच हरकत नाही? तो म्हणाला, "तुझी आई माझ्या जिवासाठीच घाबरतेय ना? मला असं घाबरणारं माणूस घरात कोणी नाही." त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. मग मी मायला हो म्हटलं.

माझी अट एवढीच होती की रोप मी आणणार. कोणत्याही मळ्यातलं उपटून आणलेलं नाही. गुरुजींनी सांगितलं होतं, कमरेएवढं, घड न लागलेलं, पान न फाटलेलं हवं. लग्नाला अजून बरेच महिने होते. मी आमच्याच नर्सरीतून एक रोप घेतलं. बरणीतलं रोप फार लाडावलेलं असतं, त्याला एकदम उन्हात ठेवलं तर ते दुपारपर्यंत मान टाकतं. आधी धुक्यासारखे तुषार सोडलेल्या शेडमध्ये, मग जाळीखाली, मग थोडं थोडं उघड्यावर, असं त्याला जगाची सवय लावावी लागते. माझं रोप या सगळ्यातून पार पडलेलं, गुटगुटीत होतं. रंगाच्या मोठ्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडून, शेणखत-माती भरून मी ते अंगणात तुळशीशेजारी लावलं आणि माझं ठरलेलं लग्न रोज सकाळी डोळ्यांसमोर वाढताना बघू लागले. शेजारच्या बायका विचारायच्या, काय म्हणताहेत नवरदेव? मी म्हणायची, नवीन पान आलंय.

एक गोष्ट मला खटकायची. माय त्या रोपाला कधी पाणी घालत नसे. तुळशीला रोज घालायची, कुंडीतल्या गवती चहाला घालायची, आणि हातभर अंतरावरचा डबा कोरडा. चैत्र लागला, ऊन तापलं. एकदा मी कामावरून आले तर पानं पार मिटून खाली लोंबली होती. तुळशीखालची माती ओली होती. मी फार चिडले. म्हटलं, तुझ्याच हट्टापायी आणलंय ना हे? एक तांब्या ओतायला काय झालं? माय म्हणाली, "माले नको सांगू. त्याले पाणी तूच दे." आणि आत निघून गेली. मला वाटलं, हे तिचं आपलं काहीतरी शास्त्र असेल. नवरीचं रोप नवरीनंच जोपासावं वगैरे. मी पाणी घातलं, संध्याकाळपर्यंत ते पुन्हा उभं राहिलं.

विधी मामाच्या मळ्यात झाला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, तापीकाठी केळी पिकवणारा, मोठ्या आवाजाचा आणि सदा तंबाखू मळणारा. मी रोप डब्यातून मुळांभोवतीच्या मातीसकट काढून पोत्यात गुंडाळून नेलं, ते हौदाजवळ लावलं. हळदीची साडी नेसून मी पाटावर उभी राहिले, मध्ये अंतरपाट धरला, पलीकडे माझं रोप वाऱ्यावर हलत होतं. गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली, मामा-मामींनी अक्षता टाकल्या. मला हसू येत होतं, आणि बारीकसं रडूही. बरणीतून काढून माझ्या हातानं वाढवलेलं पोर आहे, असंच मला वाटत होतं, नवरा कसला!

मग मामानं विळा आणला आणि एका घावात रोप बुंध्यापासून तोडलं. पांढऱ्या गाभ्यातून पाणी ठिबकलं. मी तोंड फिरवलं. सगळे जेवायला उठणार, तेवढ्यात माय म्हणाली, "खंदी काढ."

मामा म्हणाला, "कापी टाकं ना अक्का. व्हई गयं."

"नई. कंदसकट काढ. एक मूळ ऱ्हावाले नको."

मामा थांबला हे बघून तिनं स्वतः कुदळ घेतली. लग्नघरातली नवी साडी नेसलेली माझी आई गुडघ्यापर्यंत चिखल करून त्या खड्ड्यात खणत होती, आणि तिचा चेहरा असा होता की कोणी तिला थांबवायला पुढे झालं नाही. कंद निघाला, तोही तिनं तुकडे तुकडे करून टोपलीत भरला आणि तापीत सोडायला लावला. मामीनं मला हळूच विचारलं, "इतलं काय करस तुन्ही माय?" मला तरी कुठे माहीत होतं. मी म्हटलं, घाबरते ती.

खरं लग्न वैशाखात झालं, छान झालं. नवऱ्याची नोकरी साक्रीकडे, माझी जळगावात, त्यामुळे आम्ही एसटीच्या भरवशावर संसार मांडला. सुट्टीला कधी मी तिकडे, कधी तो इकडे. तो आला की मायच्या अंगात बळ यायचं. कळण्याच्या भाकरी, ठेचा, त्याला आवडतं म्हणून शेवभाजी. अशाच एका जेवणावर मी त्याला लॅबमधलं काही सांगत होते आणि बोलता बोलता म्हणाले की या वर्षी शेतकऱ्यांकडे गेलेली सगळी रोपं एकाच मातृवृक्षाची आहेत. तो घास थांबवून म्हणाला, "म्हणजे तुझं ते रोप पण त्यातलंच? मग तुझे पहिले यजमान कुठे गेलेत? रावेरपासून चोपड्यापर्यंत उभे आहेत की ठिकठिकाणी!" आम्ही दोघं खूप हसलो. मायचा भाकरी थापणारा हात थांबला.

"एकच झाड शे का ते बठ्ठं?" तिनं विचारलं.

मी हसत हसतच म्हटलं, हो ना, एकच.

"मंग ते मरनं कोठे?"

मी काहीतरी गमतीचं उत्तर दिलं असणार. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, आणि ती करपली. मायची भाकरी करपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, तरी माझ्या काही लक्षात आलं नाही.

त्यानंतर ती नवऱ्याला रोज फोन करायला लागली. जेवला का, चढला का, उतरला का. तो बिचारा प्रत्येक वेळी नीट उत्तर द्यायचा. मला वाटलं, जावयाचं कौतुक चाललंय.

ज्येष्ठातली एक दुपार. मी सुट्टी होती म्हणून घरीच होते. आभाळ एकदम काळवंडलं आणि वादळ सुटलं. पत्रे उडाले, समोरचा निंब निम्मा मोडला, वीज गेली. केळीवाल्यांचं काय होणार, हे माझ्या मनात आलं, पण माय मोबाइल घेऊन नवऱ्याला फोन लावत होती. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा. पुन्हा तेच. मी तिला सांगितलं, अशा वाऱ्यात कोणी वर चढत नाही, चक्क्याच बंद ठेवतात, तिकडे डोंगरात नेहमीच रेंज जाते. ती ऐकेना. लावत राहिली, आणि मग फोन खाली ठेवून जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मन्ही चुकी शे. तुन्हा बापले मीच खादं. आते ह्याले बी."

मी तिच्याजवळ बसले. आणि इतक्या वर्षांत एकदाही न निघालेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं.

तिचंही लग्न आधी केळीशी लागलं होतं. तिच्या वडिलांच्या मळ्यात, विहिरीजवळ. कापलेली केळ तशीच सोडून सगळे जेवायला गेले, मग तिचं खरं लग्न झालं, ती सासरी गेली. आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात तशी ती आली. झोका खेळून झाला, सांजोऱ्या खाऊन झाल्या, आणि विहिरीवर पाणी शेंदायला गेली तर तिला ती केळ दिसली.

"जठे कापी व्हती तठेच कोंब निंघेल व्हता. बाजूले पील बी फुटेल व्हतं. उन्हामा त्याना पानं वळी गयथात." ती बोटांनी पान कसं वळलं होतं ते दाखवत होती. "मन्हा हात राहिना नई. मी कळशीभर पाणी दिधं त्याले."

एवढंच. केळीवाल्याच्या पोरीनं सुकणाऱ्या केळीला पाणी घातलं. जितके दिवस माहेरी होती तितके दिवस रोज घातलं. तिला ते आवडलंही होतं. आणि नंतर जेव्हा माझे वडील गेले आणि सासरी बोलायला लागले की शांत नीट झाली नव्हती, तेव्हा तिला एकटीलाच माहीत होतं की ते कुठे चुकलं. पहिल्याला तिनं जिवंत केलं म्हणून दुसरा गेला. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, भावाला नाही, मला नाही. सगळं ऐकून घेतलं, कारण तिला वाटत होतं, ते खरंच बोलताहेत.

इतकी वर्षं मी केळीचं शास्त्र शिकले, आणि माझ्याच घरात एक बाई त्याच केळीखाली दबून जगत होती. मला तिच्या सासरच्या माणसांचा संताप आला, गुरुजींचा आला, आणि तिला किती एकटं वाटलं असेल या विचारानं मी तिचे हात घट्ट धरले. मी म्हटलं, माय, केळ अशी मरतच नाही गं. खोड कापलं तरी जीव जमिनीखाली कंदात असतो. तू पाणी दिलं नसतंस तरी ती फुटलीच असती. हे तुला मी सांगायला हवं का?

तिला ते माहीत होतंच. पण भीतीपुढे माहिती चालत नाही. ती डोळे मिटून डोकं हलवत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता. मोबाइलचा टॉवर पडला, रेंज गेली, सगळे कंट्रोल रूममध्ये बसून भजी खात होते. "सासूबाईंचे किती मिस्ड कॉल! काही झालंय का?" मी म्हटलं, काही नाही, तू भजी खा. मायनं फोन माझ्या हातातून घेतला, त्याचा आवाज ऐकला आणि परत दिला. तिचे खांदे खाली आले. पण तिचं ओझं उतरलं नव्हतं, हे मला दिसत होतं. आजचा दिवस टळला, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

तेव्हा मला मामी आठवली. मामीच्या पत्रिकेतही मंगळ आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मामा रागावला की तोच काढतो. मी मामीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. वादळात काय काय पडलं, ते तिनं आधी सांगितलं, कडेच्या दोन ओळी आडव्या झाल्या होत्या, माणसं सुखरूप होती. मग मी विचारलं, मामी, तुझंही लग्न केळीशी लागलं होतं का गं?

"लागनं व्हतं ना! मन्हा माहेरले."

"मग ती केळ कापली, त्याच्यानंतर पुन्हा फुटली होती?"

मामी हसायला लागली. "फुटनी ना वं. केळ शे ती, फुटस नई का? मी तिन्हं पील आठे लई येल शे. माहेरनी आठवण म्हनीसन. न्हाणीना मांगे शे ना, तेच. चांगला घड येस. तुन्हा मामा रोज तिन्हीच केळं खास!"

मागून मामाचा आवाज आला, कोण आहे, काय विचारतेय. तंबाखूनं भरलेल्या तोंडाचा, ठणठणीत आवाज.

मी फोन बंद केला. माय माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर ती न्हाणी होती, मागची केळीची दाट जाळी होती, आणि प्रत्येक भेटीत तिथली केळी आग्रहानं पुढे करणारी मामी. तिचा स्वतःचा भाऊ, बायकोचा पहिला नवरा इतकी वर्षं रोज सकाळी सोलून खाणारा आणि तरी धडधाकट. आधी तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडते. ती हसत होती. मग हसता हसता खरंच रडायला लागली, पदर तोंडात धरून, मोठ्यानं, वडील गेल्यावर रडली नसेल तशी. मी तिला जवळ घेतलं. तिचं अंग केवढंसं झालंय, हे मला तेव्हा कळलं.

रडून झाल्यावर तिनं चूळ भरली, तोंड धुतलं आणि अंगणात गेली. वादळानं पालापाचोळा, पत्र्याचे तुकडे, कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे, सगळं आमच्या दारात आणून टाकलं होतं. ते रोप नेल्यापासून रंगाचा डबा तसाच तुळशीशेजारी होता, आणि मी त्याच्यापुढे मुद्दाम खराटा उभा करून ठेवला होता. कारण रोप काढताना कंदाचा एक तुकडा मातीत राहून गेला होता, आणि त्याला पील फुटलं होतं. मायला दिसू नये म्हणून मी तो आडोसा केला होता, आणि उपटायला माझा हात होत नव्हता.

वादळानं खराटा पाडला होता. मी पुढे होणार, तर माय म्हणाली, "माले माहीत शे. कवयनं देखेल शे मी ते."

म्हणजे तिनं ते बघितलं होतं, आणि तिनंही उपटलं नव्हतं. इतकी भीती असताना.

पील वीतभर वाढलं होतं. वादळातून वाचलं होतं, पण माती कोरडी ठणठणीत होती. आभाळानं नुसता वाराच दिला होता, पाऊस नाही. माय आत गेली आणि तांब्या भरून आली. डब्याशी क्षणभर थांबली. मग वाकली आणि बुंध्याभोवती सावकाश, गोल फिरवत पाणी सोडायला लागली. माती पाणी पिऊ लागली. एक तांब्या संपला, ती दुसरा घेऊन आली, मग तिसरा.

माझ्यातली लॅबवाली बाई काही गप्प बसेना. मी म्हटलं, माय, बास आता, एवढ्याशा रोपाला जास्त पाणी झालं की कंद कुजतो.

तिनं वर न बघताच उत्तर दिलं. "माले नको शिकाडू. मी केळीवालानी पोर शे."